स्वस्त आणि पिशवीत मावणारी रोगचाचणी : सोलापुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही चौघं जण संसर्गजन्य रोगांच्या चाचणीपट्ट्या बनवायच्या खटपटीत आहोत. भिंतीपलीकडे अजून टॉवेल विणले जातात, त्यामुळे आमच्याशी फोनवर बोलणाऱ्याला मागाची खटखट ऐकावीच लागते. कॉलेजची मुलं, आशाताई, दवाखानेवाले डॉक्टर आणि मधूनच एखादा गुंतवणूकदार येऊन तेच ते प्रश्न विचारतो. उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की रेघ कशी काय उमटते?

सोलापूरकराला हे समजवायला टॉवेल पुरतो. टॉवेलचं एक टोक बादलीत सोडलं की पाणी आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. चाचणीची पट्टी याच तत्त्वावर चालते, फक्त कापसाच्या जागी तिथे नायट्रोसेल्युलोजचा पांढरा, सच्छिद्र पापुद्रा असतो.

थेंब आधी एका पॅडवर पडतो आणि तिथून पुढच्या पॅडवर जातो. या दुसऱ्या पॅडवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात आणि त्या कणांना प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, चिकटवलेली असतात. सराफाकडचं सोनं पिवळं असतं, पण तेच सोनं मिलिमीटरपेक्षा हजारो पट बारीक झालं की लालभडक दिसतं. रक्तात रोगजंतूचं प्रथिन असेल तर हे लाल कण त्याला धरतात आणि सोबत घेऊन पुढे वाहतात. वाटेत ‘टी’ म्हणजे टेस्टच्या रेघेवर दुसरी प्रतिपिंडं पक्की बसवलेली असतात, ती त्या प्रथिनाला पकडून ठेवतात. कण साचत जातात आणि रेघ दिसू लागते. उरलेले कण पुढे ‘सी’ म्हणजे कंट्रोलच्या रेघेवर अडकतात. गरोदरपणाची पट्टी हीच युक्ती वापरते.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. ‘सी’ रेघ आली नाही तर ती चाचणी बाद, मग ‘टी’ कितीही ठळक असो. आणि ‘टी’ रेघ फिकट आली म्हणजे ‘थोडासाच डेंग्यू’ असं नसतं. दिलेल्या वेळेत आलेली फिकट रेघसुद्धा अशा पट्टीत पॉझिटिव्हच धरायची. वेळ उलटून गेल्यावर, तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिलेल्या रेघेला मात्र काहीही अर्थ नाही. (हे होतं. विचारू नका.)

मग यात अवघड काय आहे? प्लास्टिकची डबी आणि कागदाचा तुकडा, पाच-दहा रुपयांत व्हायला हवी.

डबी, पॅड, पाकीट यांचा खर्च खरोखर किरकोळ. सोनंही इतकं कमी लागतं की त्याची चिंता नको. पैसा खातात ती प्रतिपिंडं. नेमकं डेंग्यूचंच प्रथिन धरणारी, त्याच्या भावकीतल्या विषाणूंना हात न लावणारी आणि दर खेपेला तशीच वागणारी प्रतिपिंडं मिळवणं हा अर्धा उद्योग आहे. त्यानंतर नंबर लागतो पापुद्र्याचा. जगात तो बनवणारे मोजकेच आहेत (एक आपल्या देशात, अंबाल्यात आहे). एका रोलवर द्रव ज्या वेगाने चढतो तोच वेग पुढच्या रोलवर मिळेल याची खात्री आपली आपणच करून घ्यावी लागते.

आणि खरा खर्च दिसत नाही तो असा : हजार पट्ट्या बनवल्या तर त्यातल्या किती फोडून तपासायच्या, किती भट्टीत ठेवून म्हाताऱ्या करायच्या, किती वर्षभर कपाटात ठेवून दर महिन्याला काढून पाहायच्या. हे सगळं गाळलं तर पट्टी नक्की स्वस्त होईल. पण तिच्या चुकीच्या निकालावर कुणी सलाईन लावून घेतलं, कुणी आठवडाभर चुकीच्या गोळ्या खाल्ल्या, तर तो खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. आम्ही ‘स्वस्त’ म्हणतो ते हा खर्च धरून.

सोलापूरच्या उन्हात किट टिकतं का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडतो. बहुतेक पाकिटांवर ‘२ ते ३० अंश सेल्सिअस’ असं छापलेलं असतं, काहींवर ४०. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतला पाराच चाळिशी ओलांडतो, ४३-४४ म्हणजे नवल नाही. पत्र्याच्या छपराखालचं उपकेंद्र, दुपारी उभ्या असलेल्या दुचाकीची डिकी, एसटीच्या टपावरून आलेलं खोकं, इथलं तापमान कुणी मोजतच नाही.

उष्णतेने पट्टी बिघडते ती गुपचूप. प्रतिपिंडं प्रथिनांचीच, अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर जसा बदलतो तशी तीही हळूहळू आकार सोडतात. त्यातही ‘टी’ रेघेचं बळ आधी जातं, ‘सी’ रेघ बरेचदा टिकून राहते. म्हणजे वरवर चाचणी ठणठणीत दिसते, ‘सी’ रेघ झोकात येते आणि आजारी माणसाचा निकाल निगेटिव्ह निघतो. ‘सी’ रेघ इतकंच सांगते की द्रव पुढपर्यंत पोचला आणि सोन्याचे कण सुटले. पट्टी उन्हात भाजली होती का, हे तिला विचारून उपयोग नाही.

उपाय आहेत. कण वाळवताना ट्रेहॅलोजसारखी साखर घातली की प्रथिनं जास्त तग धरतात. पाकीट अॅल्युमिनियमचंच हवं आणि आत ओल शोषणारी पुडी हवी. पाकीट फोडलं की पट्टी लगेच वापरायची, ‘सकाळी दहा फोडून ठेवल्या’ हा प्रकार नको. पुडीचा रंग बदललेला दिसला तर ती पट्टी टाकून द्यायची. ताईंना आम्ही एकच गोष्ट सांगतो : किट माठाशेजारी, ओल लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवा, खिडकीत नको. फ्रीजमधून काढलेलं असेल तर पाकीट न फोडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कोरड्या हवेने मात्र आम्हाला वेगळाच धडा दिला. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यांवर रेघा वाकड्या पडत होत्या, पापुद्रा रोलरला चिकटत होता, कातरताना तडकत होता. आम्ही आठवडाभर यंत्र खोलून बसलो. शेवटी शेजारचे मागवाले काका डोकावले आणि म्हणाले, “हवेत पाणी नाही. आमचं सूत तुटायलंय, तुमचा कागद काय टिकणार?” खरंच, कोरड्या हवेत पापुद्र्यावर स्थिर वीज साचते. मागाच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा दमट राखतात, तेच आम्ही पट्टी आखण्याच्या खोलीत केलं. पॅड वाळवण्याची आणि पाकीटबंद करण्याची खोली मात्र कोरडीठाकच लागते. एका शेडमध्ये दोन ऋतू सांभाळायचे, असा हा धंदा.

डेंग्यूची पट्टी पॉझिटिव्ह आली, तरी डॉक्टर परत रक्त का मागतात?

कारण आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात डेंग्यूचं निदान प्रयोगशाळेत होणाऱ्या एलायझा या रक्तचाचणीवर पक्कं करतात, नुसत्या पट्टीवर नाही. पट्टी फार तर ‘संशय आहे’ इतकं सांगते.

शिवाय दिवस मोजावे लागतात. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणूचं एनएस१ हे प्रथिन सापडतं. साधारण पाचव्या दिवसानंतर शरीराने बनवलेली आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात. सातव्या दिवशी फक्त एनएस१ पाहून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं चूक. ज्याला आयुष्यात दुसऱ्यांदा डेंग्यू होतो त्याच्या रक्तातून एनएस१ लवकर नाहीसं होतं, आणि दुसऱ्या वेळचा डेंग्यूच जास्त धोक्याचा. म्हणून ‘ताप कधी आला?’ हा प्रश्न पट्टीइतकाच महत्त्वाचा. आमच्या पाकिटावर तापाचा दिवस लिहायला चौकट ठेवली आहे ती यासाठीच.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, घरोघरी पिंपं आणि टाक्या भरून ठेवतात, आणि एडिस डासाला असंच स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. डेंग्यू सोलापूरला का सोडत नाही याचं उत्तर प्रयोगशाळेत कमी आणि मोरीतल्या पिंपात जास्त सापडेल.

‘९० टक्के अचूक’ म्हणजे शंभरातले नव्वद निकाल बरोबर ना?

नाही. जाहिरातीत ‘अचूक’ हा शब्द दिसला की जरा थांबावं. विचारायचे आकडे दोन : आजारी माणसांपैकी किती जणांना पट्टी पकडते आणि निरोगी माणसांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते. समजा पहिला ९० टक्के, दुसरा ९५ टक्के आहे.

आता एका वस्तीत सरसकट १,००० जणांची चाचणी केली आणि त्यात खरोखर आजारी फक्त २० आहेत. पट्टी १८ जणांना पकडेल, दोघं निसटतील. उरलेल्या ९८० निरोगी लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ जण, उगाच पॉझिटिव्ह निघतील. एकूण ६७ पॉझिटिव्ह, त्यातले खरे १८! तीच पट्टी पावसाळ्यात तापाच्या ओपीडीत नेली, जिथे १,००० पैकी ३०० आजारी आहेत, तर ३०५ पॉझिटिव्ह निघतील आणि त्यातले २७० खरे असतील. पट्टी बदलली नाही, कुणाला लावली ते बदललं. वस्तीत सरसकट पट्ट्या वाटायची कल्पना घेऊन कुणी उत्साहाने आलं की आम्ही हे गणित फळ्यावर मांडतो. निम्मे लोक चहा पिऊन परत जातात.

टीबीसाठी बोटातल्या रक्ताची पट्टी का नाही? बेडका काढणं लोकांना नको वाटतं.

अशा चाचण्या होत्या. रक्तातली प्रतिपिंडं पाहून टीबी सांगणाऱ्या, खासगी दवाखान्यांत सर्रास चालणाऱ्या. त्या इतक्या चुकत होत्या की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या आयातीवर, उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. टीबीचा जंतू बहुतेकदा फुप्फुसात बसतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचं शरीर त्याला कधी ना कधी भेटलेलं असतं, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं ‘आत्ता आजार आहे’ हे सांगू शकत नाहीत. स्वस्त आणि सोपी चाचणी वाईट असली तर काय होतं याचा हा आपल्याच देशातला धडा, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो पाठ करावा.

आज खात्रीचं ते म्हणजे बेडक्यातल्या जंतूच्या जनुकाची चाचणी. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालतं, टेबलाच्या कोपऱ्यात मावतं आणि साधारण तासाभरात टीबी आहे का ते सांगतं. रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो का, हेही त्याच यंत्रात दुसरी चिप घालून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. सरकारी यंत्रणेत टीबीची तपासणी मोफत होते.

इथे एक जोडून सांगतो. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या भुकटीने ठसका लागतोच, म्हणून खोकल्याकडे महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला ‘धंद्याचा’ समजू नका, मावशींना तपासणीला घेऊन जा.

टायफॉइडची विडाल चाचणी तर किरकोळ पैशांत होते. अजून स्वस्त कशाला?

विडाल १८९६ सालची आहे. पूर्वी कधी टायफॉइड झालेला, लस घेतलेली, किंवा दुसराच एखादा संसर्ग, असं काहीही असलं तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकदाच केलेल्या विडालवर प्रतिजैविकं सुरू करणं ही वाईट सवय आहे. पहिल्या आठवड्यात, आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी, रक्ताचं कल्चर केलेलं बरं, पण त्याला दिवस लागतात आणि तालुक्याच्या गावी ते होतही नाही. आम्हाला कुणी विचारलं, की एकच नवी पट्टी बनवायची तर कोणती, तर आम्ही टायफॉइड म्हणू. अवघड आहे, कारण रक्तात हे जंतू फारच थोडे असतात.

पीसीआर खेड्यात नेता येत नाही का?

पीसीआरला, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून जंतू शोधणाऱ्या चाचणीला, तापमान सतत वरखाली करावं लागतं, त्यासाठी यंत्र लागतं. २००० साली जपानी संशोधकांनी लॅम्प ही पद्धत मांडली. तिच्यात ६० ते ६५ अंशांवर एकाच तापमानाला जनुकाच्या प्रती तयार होतात. गरम पाण्याचा डबा आणि तापमान धरून ठेवणारी साधी सोय पुरते, निकाल रंगावरून कळतो. पण नळी उघडलीत तर खोलीभर त्या प्रती उडतात आणि पुढचे सगळे नमुने पॉझिटिव्ह येऊ लागतात. आम्ही एकदा हे करून बसलोय, खोली धुवून काढण्यात पंधरवडा गेला. नळी उघडायचीच नाही अशी रचना आधी करा.

क्रिस्परवर, म्हणजे जनुकाचा नेमका तुकडा ओळखणाऱ्या तंत्रावर, चालणारी फेलुदा ही कोविडची पट्टी दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत तयार झाली आणि २०२० मध्ये तिला मान्यता मिळाली. निकाल पट्टीवर दिसत असला तरी त्याआधी जनुक वाढवून घ्यावंच लागायचं, हे बातम्यांत बऱ्याचदा निसटलं.

सोलापूरच्या मागावर चाचणी विणता येईल का?

थट्टेने विचारतात, पण उत्तर ‘हो’च्या जवळ आहे. बंगळूरच्या अचिरा लॅब्जने २०११ मध्ये कापडी चिप मांडली होती : रेशमाचा धागा आधी प्रतिपिंडांच्या द्रावणात भिजवायचा, मग हातमागावर विणायचा आणि कापडाच्या तुकड्यांच्या चाचण्या करायच्या. एकाच कापडात वेगवेगळ्या रोगांचे धागे घालता येतात, जसे आपण काठात रंग घालतो.

आम्ही सुती धाग्यावर खटपट करतोय. कच्च्या सुताला नैसर्गिक मेण असतं, पाणी त्यावरून घसरतं, म्हणून ते कॉस्टिक सोड्यात उकळून काढावं लागतं. ताण्याला लावलेली खळ तर पूर्ण धुवून निघाली पाहिजे. आणि टॉवेल पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी चमक घालतात ती अतिनील प्रकाशात निळी चकाकते, त्यामुळे चकाकी मोजणारी चाचणी असेल तर निकालाचा बोऱ्या वाजतो. या तिन्ही गोष्टी आम्हाला कुठल्या शोधनिबंधात नाही, प्रोसेसिंगवाल्यांकडे कळल्या.

आषाढी वारीत लाखो लोक पंढरपूरला येतात. तिथे पट्टी तपासून घेता येईल?

नुसती गर्दी आहे म्हणून, नाही. माणसांवर चाचणी करायला नैतिकता समितीची परवानगी आणि त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. दर्शनाच्या रांगेत थकलेल्या माऊलींचा अंगठा घेणं ही संमती नव्हे. शिवाय दोन दिवसांनी पक्का निकाल आला तर ते वारकरी तोवर गावाच्या वाटेला लागलेले असतात. निरोप पोचवायचा असेल तर गाव आणि फोनसोबत दिंडीचा क्रमांकही लिहून घ्या, कारण फोन न लागला तरी दिंडीवाला गाठता येतो. सुरुवात मात्र रुग्णालयात उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यांवरच करावी.

परवाना कुठून घ्यायचा? आणि पैसा?

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. रोगनिदानाची किटं त्यांत येतात. जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, सी आणि डीचा केंद्राची औषध मानक संघटना. एचआयव्ही, कावीळ बी यांच्या चाचण्या सर्वांत वरच्या डी वर्गात. विकायच्या आधी, नुसत्या तपासणीपुरत्या थोड्या पट्ट्या बनवायलाही वेगळा परवाना लागतो, हे अनेकांना उशिरा कळतं. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून ठेवा. मागून तयार केलेली वही तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते.

पैशासाठी जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या बायरॅक संस्थेची ‘बिग’ योजना बघा, ५० लाखांपर्यंत अनुदान असतं. पुण्यात एनसीएल या रसायन प्रयोगशाळेच्या आवारातलं, नव्या उद्योगांना आधार देणारं व्हेंचर सेंटर अर्जापासून मदत करतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, संध्याकाळी परत.

कॉलेजच्या प्रकल्पात काय करता येईल?

रक्ताला हात न लावता खूप काही. वेगवेगळ्या गाळणकागदांवर आणि धाग्यांवर पाणी किती सेकंदांत किती चढतं ते मोजा, मग तेच ओव्हनमध्ये तापवून मोजा. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये कागदाची चकती आणि दोरा यांपासून रक्तातल्या पेशी वेगळ्या करणारं यंत्र दाखवलं. जत्रेत मिळणारी, दोऱ्यात ओवून दोन्ही हातांनी ओढायची फिरकी असते ना, तेच. मिनिटाला सव्वा लाख फेरे! गड्ड्याच्या जत्रेत आपणही ती ओढली आहे, फक्त कुणी फेरे मोजले नव्हते.

वापरलेल्या सुईचं आणि रक्ताच्या कापसाचं काय?

सुई पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. यातलं काहीही घंटागाडीत टाकू नका. गाडीवरच्या माणसाचा हात उघडाच असतो.

तुमच्याकडे चाचणी करून मिळेल का? किट विकत देता का?

नाही. आमच्या पट्ट्या अजून तपासणीखाली आहेत, त्यावर कुणाचा उपचार ठरवू देणार नाही, ओळखीतलाही नाही. ताप असेल तर जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा सिव्हिल गाठा, आणि जाताना ताप कुठल्या वारी आला ते आठवून जा.